भिंगाचं बोट

आमच्या छापखान्यात तिला सगळे भिंग म्हणतात. तिला जन्मापासून दिसत नाही, तरी हे नाव चेष्टेनं पडलेलं नाही. आम्ही ब्रेल पुस्तकं छापतो. पानावरचा एखादा ठिपका जरा दबलेला असला, की तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट तिथं अडलंच म्हणून समजा. "हा लंगडतोय," ती म्हणायची. मग मशीनवाले काका छपाईचा पत्रा उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि पुटपुटत हातोडी शोधायला जायचे. एकोणीस वर्षांत तिचं म्हणणं खोटं ठरलेलं मी पाहिलेलं नाही.

मी तिची जोडीदार. टेबलाच्या एका बाजूला ती, समोर मी. ती बोटानं वाचत मोठ्यानं म्हणते, मी हातातल्या साध्या छापील प्रतीशी ताडून बघते आणि चूक सापडली की पानावर पेन्सिलीनं गोल करते. तो गोल बघून काका पत्रा दुरुस्त करतात. पण इतकी वर्षं समोर बसून मलाही ब्रेल वाचता यायला लागलं होतं. बोटानं नव्हे, डोळ्यांनी, आणि तेही उलटं, कारण पान तिच्याकडे तोंड करून असतं. या गोष्टीची मला भारी घमेंड होती.

तर, गिटार. तिची भाची नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची गिटार भिंगाच्या कपाटावर पडून राहिली. एका रविवारी धूळ पुसायला म्हणून भिंगानं ती खाली काढली, तारेला हात लागला, आणि बाई कामातून गेली ती गेलीच. वय वर्षं बावन्न! दर शनिवारी मास्तरांकडे शिकवणी सुरू झाली. हे मास्तर म्हणजे कुठल्याशा बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ. ते तिची बोटं स्वतः उचलून तारांवर ठेवायचे आणि "दाबा, अजून दाबा" म्हणायचे. आधी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मिळून साऱ्या छापखान्याची उणीदुणी काढायचो. आता ती अर्धा डबा तसाच ठेवून टेबलाच्या कडेवर बोटं दाबत बसायची आणि मी एकटीच बडबडायची.

"अगं, गिटारला तारा सहा," ती सांगायची, "आणि आपल्या एका अक्षरात ठिपक्यांच्या जागा किती? सहाच! ही लिपी मला लवकर येणार बघ."

मी नुसतं हं म्हणायची. खरं सांगते, मला त्या गिटारचा सवतीसारखा राग यायचा.

मग पाढ्यांचं पुस्तक आलं. भिंग वाचत होती, "सात सत्ते एकोणपन्नास, सात अठ्ठे छप्पन्न, सात नव्वे त्रेसष्ट..." पानावर छप्पन्नच्या जागी बावन्न होतं. सहाच्या आकड्यातला एक ठिपका उठलाच नव्हता, त्यामुळे सहाचा दोन झाला होता. ती पुढे निघून गेली. माझी पेन्सिल तशीच वर राहिली. पाढा तोंडपाठ असतो, जीभ बोटाच्या पुढे धावली असेल, असं मी मनाला समजावलं आणि गुपचूप गोल करून टाकला.

पुढच्या आठवड्यात भूगोलाच्या पुस्तकात एक ठिपका जादा उठल्यामुळे नदीची लांबी चुकली होती, आणि भिंगानं ती बरोबर वाचली. नदीची लांबी काही कुणाला तोंडपाठ नसते. तिथं बोटाखालचा तो जादा ठिपका तिला लागलाच नव्हता. तारा दाबून दाबून तिच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. तोंड मात्र उघडलं नाही. सांगितलं तर तिला वाटेल, ही जळते आपल्यावर. आणि मी जळत होतेच की! म्हणून मी नुसते गोल करत गेले. दोन महिन्यांत असे सात झाले.

आठवी चूक माझ्याही नजरेतून सुटली असणार. एका शाळेचं पत्र आलं, विज्ञानाच्या पुस्तकातला आकडा चुकलाय म्हणून. सोमवारी व्यवस्थापकांनी पानं तपासणाऱ्या सगळ्या वाचकांना बोलावलं. माणूस वाईट नाही, पण आवाज नेहमी नोटीस वाचल्यासारखा. "गुरुवारी प्रत्येकाची चाचणी. एका पानावर पाच चुका मुद्दाम घातलेल्या असतील, म्हणजे दबलेले ठिपके. निदान चार पकडल्या पाहिजेत. ज्यांना जमणार नाही त्यांना शिलाईला बसावं लागेल."

शिलाई म्हणजे मागच्या खोलीतलं लांब टेबल. तिथं दिवसभर घड्या घातलेले कागद सुईदोऱ्यानं शिवायचे. काम वाईट नाही. पण तिथं भिंगाला भिंग कोण म्हणणार?

"चार?" भिंग माझ्या कानाशी हसली. "मी त्यांना सहावी काढून देते."

आता सांगायलाच हवं होतं. बुधवारी काम सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. वाटेत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलले.

तिची खोली लहान: खाट, खुर्ची, कपाट, आणि खिडकीखाली कापडात गुंडाळलेली गिटार. तिनं मला खाटेवर बसवलं आणि स्वतः खुर्चीत सरसावून बसली. "थांब, आधी हे ऐक. चार महिने हा एफ कॉर्ड माझा जीव खातोय."

पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या, बाकीची बोटं आपापल्या जागी, असं काहीतरी ते प्रकरण. तिनं उजव्या हातानं तारांवर नखी फिरवली. खरखर झाली. पुन्हा फिरवली. एक तार मुकीच राहिली. तिनं खांदा सैल सोडला, बोट केसभर सरकवलं, आणि तिसऱ्या वेळी सहाच्या सहा तारा स्वच्छ वाजल्या. खोलीभर सूर झाला. ती तो विरेपर्यंत थांबली आणि मग अशी हसली, की तसं हसताना मी तिला एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लागला! अगं, लागला!" तिनं डावा हात माझ्यापुढे केला. "हात लावून बघ. मास्तर म्हणतात, आता बोटं तयार झाली."

मी हात लावला. बोटाचं टोक चपलेच्या तळासारखं झालं होतं.

"जन्मभर या बोटानं लोकांनी लिहिलेलंच वाचलं," ती म्हणाली. "आता ते स्वतः काहीतरी बोलतंय."

छान वाजलं म्हटलं, चहा प्याले आणि घरी आले. भित्री कुठली!

गुरुवारी सकाळी अकराला आमची पाळी. व्यवस्थापक टेबलाच्या टोकाशी खुर्ची ओढून बसले. पानावर गोष्ट नाही, पाढा नाही, नुसते आकडे, ओळीमागून ओळी. छापील प्रत माझ्या हातात होती. मी बोलायचं नाही, एवढं बजावलेलं होतं.

पहिली चूक तिनं लगेच पकडली. दुसरीपाशी बोट पुढे गेलं, घुटमळलं, मागे आलं. "इथं." तिसरी मला समोरून दिसत होती, सातातला एक ठिपका अर्धा दबलेला. तिचं बोट जवळ आलं, वर आलं, आणि "सात" म्हणून पुढे निघून गेलं.

मी खोकले.

ठरवून नाही. पण आलेला खोकला मी दाबलाही नाही. तिचं बोट जागच्या जागी थांबलं. ती त्या आकड्यावर परत गेली नाही. मान वर करून माझ्या दिशेला तोंड केलं.

"तुला सर्दी झालेली नाही," ती म्हणाली.

व्यवस्थापक एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"हे कधीपासून?"

"दोन महिने," मी म्हटलं.

"किती?"

"सात. मी गोल करत होते."

तिनं अंगठ्यानं आपलंच बोट चाचपलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, तिसरी चूक मी पकडली असं धरू नका. ती हिनं खोकून दाखवली." आणि पुढे वाचत गेली. चौथी पकडली. पाचवी सुटली. या वेळी मी खोकले नाही.

"तीन झाल्या, ताई," व्यवस्थापक म्हणाले. या वेळी आवाज नोटिशीसारखा नव्हता.

"मग मी शिलाईला बसते. महिन्यानं पुन्हा चाचणी घ्याल?"

ते हो म्हणाले. ती उठली आणि टेबलाच्या कडेनं चालत मागच्या खोलीत गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या महिन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. समोर नवीन वाचक बसायचा, बिचारा चांगला होता, मी त्याच्यावर उगाच खेकसायची. भिंग डबा शिलाईच्या टेबलावरच खायची. दोनदा मी तिथं जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा तिनं पावलांवरून मला ओळखलं आणि मान खाली घालून शिवत राहिली. काका म्हणाले, बोट रोज कोमट पाण्यात भिजवते म्हणे, वर दगडानं घासते. मी मनात म्हटलं, सुटली एकदाची ती गिटार. हे मनात आल्याची लाज वाटली, पण आलं खरं.

महिन्यानंतरचा गुरुवार. तेच टेबल, नवीन पान. बसता बसता ती माझ्याशी बोलली, महिन्याभरातलं पहिलं वाक्य: "आज चुकले तर चुकू दे. मला कळलं पाहिजे."

मी रुमाल तोंडावर धरून बसले. पहिली पकडली. दुसरी पकडली. तिसरी सुटली. मी रुमाल दातांत धरला. चौथी पकडली. आता एकच उरली होती, शेवटून दुसऱ्या ओळीत; सगळे ठिपके होते, पण एक जेमतेम उठलेला. तिचं बोट आलं आणि त्यावरून गेलं. ओळीच्या शेवटापर्यंत गेलं. संपलं, मी डोळे मिटून घेतले.

"थांबा," ती म्हणाली.

मी डोळे उघडले तेव्हा बोट उलटं येत होतं, सावकाश, आणि नेमकं त्या आकड्यावर थांबलं. "हा आहे. पण लंगडतोय."

व्यवस्थापकांनी कागदावर सही केली आणि निघून गेले. आम्ही दोघीच उरलो.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मी जळत होते तुझ्यावर."

"ते माहीत होतं मला. तू खोटं 'छान' म्हणतेस ना, तेव्हा तुझा आवाज चढतो. पण पहिल्याच दिवशी सांगायचंस गं. बोट माझं आहे."

मी नाक पुसलं. मग, विचारू नये ते विचारलं. "गिटार सोडलीस?"

ती उत्तराऐवजी टेबलावरून हात पुढे करून म्हणाली, "बघ हात लावून." हात उजवा होता. मी बोटांना हात लावला आणि ती कळवळली. चारही टोकांना ताजे फोड होते.

"मास्तरांनी तारा उलट्या चढवून दिल्या," ती म्हणाली. "आता दाबायचं काम याच्याकडे. डावा नुसती नखी धरतो."

"आणि एफ?"

"तो गेला. उजव्याला काहीच येत नाही. पुन्हा पहिलीत बसलेय."

मी तिचा हात सोडला. तिनं डावं बोट पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीवर ठेवलं, आणि मी पेन्सिलीला टोक काढलं.