काकांची न भरणारी टाकी

यंदा चतुर्थीच्या सकाळी कळशी घेऊन निघाले खरी, पण पाय उचलत नव्हते. शेजारच्या सुलूकाकीच्या विहिरीवर पाण्याला जायचं होतं... आणि ते पाणी घरात आणायचं नव्हतं.

आमची वाडी वेंगुर्ल्याजवळ, अगदी समुद्राला लागून. सगळ्यांच्या विहिरी मचूळ, काकीची तेवढी गोड. म्हणून चतुर्थीला मोदकांची उकड घरोघर तिच्याच पाण्यात निघायची. प्रत्येकीच्या कळशीत काकी एक जास्वंदीचं फूल टाकायची. त्या दिवशी तिचा तोरा काय विचारता!

काकीचे यजमान, आमचे काका, गवंडी होते. वाडीतल्या बहुतेक संडासांच्या टाक्या त्यांच्याच हातच्या, आमचीसुद्धा. "माझी टाकी कधी भरूची नाय," असं छाती ठोकून सांगायचे, आणि खरंच कुणाची कधी भरली नाही. आम्हाला केवढं कौतुक! तळाला काँक्रीट घालायचंच नाही, सगळं रेती पिऊन टाकते... पिऊन पुढे कुठे पाठवते, हे कुणी विचारलं नाही.

काका गेले. त्यानंतर ग्रामपंचायतीने सांडपाण्याचं काम काढलं. टाक्यांना तळ घातले आणि वरचं पाणी पाईपने वाडीच्या टोकाला, खडी-वाळूच्या वाफ्यात सोडलं. तिथे कर्दळ लावली आहे. तिच्या मुळांतून गाळून निघालेलं पाणी पुढे माडांना जातं. ना वास, ना डास. काम झकास झालंय.

पण कामाआधी विहिरींचं पाणी तपासलं, तेव्हा सगळ्यात वाईट निघालं ते काकीचं, टाकीतली घाण झिरपलेलं; अजूनही ते पिण्याजोगं नाही. तिची टाकी काकांनी सगळ्यांच्या आधी बांधलेली, विहिरीला खेटून. बैठकीत हे सांगितलं, तशी काकी उठून गेली. प्यायला नळाचं पाणी घेऊ लागली, पण कुणी विषय काढला की अंगण झाडायला घ्यायची.

आणि चतुर्थीला उजाडताच शेजारी बघते तर काय... विहिरीचा काठ धुतलेला, रांगोळी घातलेली, आणि काकी परडीत जास्वंद घेऊन बसलेली. आता तिला नको कोण म्हणणार? माझी तर हिंमत झाली नाही. गुपचूप कळशी भरली, फूल घेतलं, आणि वळणावर ती दिसेनाशी झाल्यावर सगळं पाणी कर्दळीच्या वाफ्यात ओतलं.

तेव्हा खाली लक्ष गेलं. खडीवर लाल फुलं पडली होती... मला वाटलं कर्दळीची. वाकून बघितलं तर जास्वंदीची! वाडीतल्या सगळ्याजणी माझ्याआधी येऊन गेल्या होत्या. मला रडूच फुटलं.

"ओतलंस मा? बरां केलंस."

मागे काकी उभी होती, रिकामी परडी घेऊन. मी सारवासारव करायला लागले, तर म्हणाली, "माका म्हायत आसा गो. एखादी भोळी खरांच चुलीर ठेवीत, म्हणान बघूक इलंय."

"मग दिलंस कित्याक?" मी विचारलं.

काकीने वाकून त्यातलं एक फूल उचललं. "चतुर्थेच्या दिसा पाण्याक कोणच इला नाय, तर ह्येंका काय वाटात?"

तिचा हात धरून तिला घरी सोडायला निघाले. दाराशी आल्यावर तिने माझा हात दाबला. "घरात ह्यो विषय काढू नको हां... थय फोटो आसा."

आत गेलो. ओटीवर काकांचा फोटो, त्याला ताजा हार. मी तिथेच उभी राहिले आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "काकी, पाणी गावलां हां! आता जाऊन उकड काढतंय."

काकीने पदर तोंडाला लावला.

चतुर्थीच्या दिवशी खोटं बोलले... पुढच्या वर्षीही बोलेन.