पलंग पाहुण्यांचा

"तिनं माझं ऐकलं नसेल," रिसीव्हर छातीशी धरून ती म्हणाली. "देवा, या वेळी तरी ऐकलं नसेल."

बर्मिंगहॅमला हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती आणि मी चादरींच्या घड्या करायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या दिवशी पहाटे तिच्या गावावर डोंगरावरचा बर्फ कोसळला होता आणि तिच्या आईच्या घराचा पुढचा भाग त्याखाली गेला होता. चुलतभावानं एवढंच सांगितलं आणि लाइन तुटली.

गाव आल्प्समधलं, फ्रेंच बोलणारं. चार गायींवर पोट भरत नाही म्हणून तिथे घरोघर पाहुणे ठेवायचे. हिवाळ्यात बर्फावर घसरायला येणारे, उन्हाळ्यात डोंगर चढायला येणारे. पुढच्या उबदार खोल्या पाहुण्यांना. घरचे मागे, कातळाला टेकलेल्या गोठ्यात, माळ्यावरच्या गवतात.

"सीझनमध्ये आम्हाला आजारी पडायचीसुद्धा बंदी," ती सांगायची. त्याला विटून ती इंग्लंडात आली आणि इथेही दुसऱ्यांच्याच चादरी तिच्या हातात आल्या. मी हसले, तर म्हणाली, "हसू नकोस मादाम. इथले पेशंट निदान खिडकीतून बघून 'वा, काय देखावा!' म्हणत नाहीत."

ती मला मादाम म्हणायची, मी तिला बाई. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे भांडण कधी लांबलं नाही. सुपरवायझर आली की तिच्या तोंडावर हसू यायचं, पाठ वळली की जायचं. पाहुण्यांसाठी लहानपणी शिकलेलं ते हसू. अशी हसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एकदा बर्फानं बस बंद पडल्या, तेव्हा ती माझ्याकडे राहिली. पिठलं-भात खाताना तिखटानं नाक गळत होतं, तरी पुन्हा वाढून घेतलं. मी तिला आमचा पलंग दिला. सकाळी बघते तर बाई स्वयंपाकघरात, जमिनीवर कोट पांघरून झोपलेली.

"अगं, पलंग दिला होता ना तुला?"

"पलंग पाहुण्यांचा."

"पाहुणी तूच आहेस, वेडे!"



आई म्हातारी झाली होती. दर रविवारी ही फोनवर तिच्याशी भांडायची: पाहुणे बंद कर, आता तरी स्वतःच्या पलंगावर झोप. बर्फ कोसळण्याआधीच्या रविवारी आई पहिल्यांदाच म्हणाली होती, "बरं, बघते."

म्हणून ती रिसीव्हर छातीशी धरून तशी उभी होती. इतकी वर्षं जे मागितलं, ते आईनं केलेलं नसावं म्हणून.

मी खुर्ची पुढे केली. बसली नाही. चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही घड्या करत राहिलो. दुसरं काय करणार?

दुपारी फोन वाजला. तिनं ऐकलं, रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि सुपरवायझरकडे बघून न हसता कोट चढवला. त्यानंतर ती लाँड्रीत आली नाही. तिच्या जागी दुसरी आली, तिला चादरीचे कोपरेसुद्धा जुळवता येत नव्हते.

मागाहून कळलं, आईच्या पलंगावर पॅरिसहून आलेलं एक जोडपं होतं. ते बर्फाखाली गेलं. मागे गोठ्यात तिची आई वाचली, आणि गायी.