टाकीचे दिवे आणि नेर्लेकर साहेब

समस्त वाचकांनी कृपया पाठ ताठ करून बसावे. जी बातमी मी आता देणार आहे ती देशाच्या औद्योगिक प्रगतीशी निगडित आहे. आजवर ती कोणत्याही वर्तमानपत्राने छापलेली नाही, कोणत्याही मंत्र्याने विधानसभेत वाचून दाखवलेली नाही आणि तिच्यावाचून कुणाचे काही अडलेलेही नाही. बातमी अशी : पिंपरीच्या आमच्या कारखान्यात संडासाच्या एका टाकीला तीन दिवे होते, आणि त्या तीन दिव्यांना एक साहेब होते.

साहेबांचे नाव नेर्लेकर. हुद्दा डेप्युटी मेन्टेनन्स मॅनेजर. शर्टाच्या खिशाला एक चकचकीत स्क्रू-ड्रायव्हर लावलेला असे. तो त्यांनी कधी कुठल्या स्क्रूला लावल्याचे कुणी पाहिलेले नाही. मी नोकरीला लागलो त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघितले आणि म्हणाले, "ड्रॉइंग?"

मी उठून म्हटले, "हो साहेब, माझं नाव..."

"नाव घरी. इथे ड्रॉइंग."

त्यानंतर त्यांच्या लेखी मी कायमचा ड्रॉइंग झालो. गाडीवरचा ड्रायव्हर सोपान कड हा ट्रान्सपोर्ट, रंगारी म्हणजे पेंट, आणि दर सकाळी किटली घेऊन येणारा सज्जन म्हातारा म्हणजे नुसता टी. घरी ते बायकोला किचन म्हणत असावेत असा आमचा तर्क होता. खात्री करून घ्यायला त्यांनी आम्हाला कधी घरी बोलावले नाही, ही त्यांची आमच्यावरची मोठीच कृपा.

कोणतेही यंत्र बिघडले की नेर्लेकर त्याच्याभोवती हात पाठीमागे बांधून एक प्रदक्षिणा घालत, यंत्रावरच्या घड्याळाच्या काचेवर नखाने टकटक करत, रुमालाने काच पुसत आणि निकाल देत. काच उघडून आत बघणे त्यांना कमीपणाचे वाटे. "आत बघतो तो मिस्त्री," ते म्हणत, "बाहेरून ओळखतो तो साहेब." या न्यायाने त्यांनी आयुष्यभर बाहेरून इतके काही ओळखले, की आमच्या कारखान्यातली निम्मी यंत्रे लाजेने बंद पडली होती.

आता ती टाकी. आमचा कारखाना पाण्याचे पंप करायचा. ते गावोगाव नेऊन दाखवावेत म्हणून कंपनीने एक गाडी बांधून घेतली. सांगाडा बसचा, बांधणी भोसरीच्या एका शेडमधली, नकाशा मात्र परदेशी भागीदारांचा. आत झोपायला फळ्या, एक स्टोव्ह, हातपाय धुवायला छोटी मोरी आणि, काय सांगू महाराज, संडाससुद्धा! मोरीचे आणि संडासाचे सगळे पाणी गाडीच्या पोटाखालच्या एका लोखंडी टाकीत जमायचे. कामगारांनी गाडीचे नाव ठेवले पुष्पक. रामायणातल्या विमानात ही सोय होती की नाही यावर कँटीनमध्ये आठवडाभर वाद चालला होता.

टाकी किती भरली हे कळावे म्हणून तिच्या भिंतीतून वेगवेगळ्या उंचीवर पितळी खिळे आत सोडलेले होते. पाणी खिळ्याला टेकले की वीज वाहायची आणि गाडीतल्या पाटीवरचा दिवा बदलायचा. हिरवा म्हणजे रिकामी, पिवळा म्हणजे अर्धी, तांबडा म्हणजे आता गाडी थांबवा आणि देवाचे नाव घ्या. नेर्लेकर या पाटीवर असे भाळले, की तिच्यासाठी त्यांनी वेगळा पिवळा रुमाल आणला.

पण पहिल्या दोन-चार खेपांतच तांबडा दिवा लागला तो विझेना. सोपानने टाकी पूर्ण ओतून दिली, तरी तांबडा.

"साहेब, टाकी मोकळी हाय," सोपान म्हणाला.

"दिवा काय म्हणतो?"

"दिवा काय म्हणंल? त्यो बसलाय डोळं वटारून."

"मग टाकी भरलेली आहे, ट्रान्सपोर्ट. पुन्हा ओता."

रिकामी टाकी पुन्हा ओतण्याचा हा सोहळा आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. सोपान व्हॉल्व उघडायचा, खालून काहीच पडायचे नाही, आणि साहेब मान डोलवायचे. शेवटी सोपान म्हणाला, "साहेब, वाटल्यास नाक लावून बघा की."

"नाकाला कंपनी पगार देत नाही," नेर्लेकर म्हणाले. "दिव्यासाठी देते."

सोपान काही मोठा शहाणा होता असे समजू नका. त्याचे निदान असे की पाटीला कुणाची तरी नजर लागली आहे. त्याने तिला लिंबू-मिरची बांधली. खरे कारण साधे होते. साबण, तेल आणि बाकीचा जो ऐवज टाकीत पडे, त्याचा बुळबुळीत थर खिळ्यांवर आणि भिंतीवर बसला होता. वीज पाण्याची वाट न बघता त्या थरातूनच पलीकडे जात होती. त्यावर उपाय सापडला तो अपघाताने. कँटीनवाल्याने भांडी धुतलेले सोड्याचे गरम पाणी सोपानने टाकीत ओतले आणि तशीच गाडी घेऊन तो कुरुळीला आपल्या घरी जेवायला गेला. त्या काळचा चाकणचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना मधून मधून डांबर लावलेले. पाण्याने आत टाकीच्या भिंतींना असे काही बडवले, की सोपान परत आला तेव्हा तांबडा विझून हिरवा लागला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांचे परिपत्रक निघाले : दर शनिवारी गाडीला "चाकण ट्रीटमेंट" देण्यात यावी. सोडा कँटीनचा, खड्डे सरकारचे, श्रेय नेर्लेकरांचे. सोपानला दर शनिवारी घरचे जेवण मिळू लागले, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती.

इथवर ठीक होते. दिवे खरे बोलत होते आणि साहेब त्यांचे ऐकत होते. पण त्याच वर्षी आमचे वर्क्स मॅनेजर निवृत्त व्हायला आले आणि त्यांच्या खुर्चीची नेर्लेकरांना भूल पडली. जाता-येता ते त्या केबिनच्या दारात थबकत, आतल्या पडद्यांचा रंग नापसंत करत. चालणेसुद्धा बदलले, पूर्वी डेप्युटीसारखे चालायचे, आता दोन पावलांत मॅनेजर व्हायचे.

आणि नशिबाने दार वाजवले. कंपनीच्या अध्यक्षांच्या मातोश्री, सगळे त्यांना आईसाहेब म्हणत, खूप थकल्या होत्या. म्हातारपणामुळे थोड्या थोड्या वेळाने उठावे लागे, म्हणून कुठल्याही मोटारीत बसायची त्यांना धास्ती. त्यापायी आळंदीचे दर्शन कैक वर्षांत घडले नव्हते. अध्यक्ष एकदा हे सहज बोलून गेले. नेर्लेकर पुढे सरसावले : "सर, पुष्पक आहे!"

अध्यक्षांचे डोळे भरून आले म्हणतात. ते म्हणाले, "नेर्लेकर, आईची आळंदी नीट पार पडली तर तुमचं काम माझ्या लक्षात राहील." कोणते काम, हे विचारायची गरज टीलासुद्धा नव्हती.

आता आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा एक धर्म आहे, तो सांगायला हवा. मोठे कुणी येणार म्हटले की आम्ही रंग देतो. यंत्र चालते की नाही हे नंतर, आधी रंग. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, वाटेवरच्या दगडांना चुना, वाळूच्या बादल्यांना तांबडा. एका वर्षी गेटपाशी झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवरही पट्टा उठला होता आणि पाहुण्यांनी त्याचे कौतुक केले होते. तेव्हा पुष्पकला रंग मिळणार हे ठरलेलेच. पण नेर्लेकरांनी या वेळी इतिहासात पहिल्यांदा टाकीचे झाकण उघडवले आणि वरून बॅटरीचा झोत टाकला. आत गंज दिसला. पुढचा संवाद मला रंगाऱ्याने सगळे होऊन गेल्यावर सांगितला.

"पेंट, आतून चंदेरी मारा. दोन हात."

"साहेब, ह्या पितळी खिळ्यांना पण?"

"विशेषतः खिळ्यांना. तेच तर काळे दिसताहेत."

रंगारी कामाचा चोख. त्याने खिळ्यांना तीन हात दिले. रंगातून वीज जात नाही. टाकीत आता इंद्रायणी आणि पवना दोन्ही वळवल्या असत्या तरी दिवा हिरव्याचा पिवळा होणार नव्हता.

निघायच्या दिवशी पुष्पकमध्ये आईसाहेब, त्यांच्या दोन सुना, अध्यक्ष, नेर्लेकर आणि दिव्यांच्या तारा मीच कागदावर काढल्या होत्या म्हणून मी. सोपान गाडीवर. नेर्लेकरांनी फिनेलवर गुलाबपाणी आणि गुलाबपाण्यावर मोगऱ्याच्या उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला होता. त्या धुरात कुणाचे नाक काम करणे शक्य नव्हते. ते स्वतः पाटीशेजारी बसले, पंतोजी फळ्याशेजारी बसतात तसे.

आईसाहेब खूश होत्या. जाताना दोनदा उठल्या, आणि दर वेळी येऊन म्हणाल्या, "काय बाई सोय केलीय! नेर्लेकर, तुमच्या आईनं पुण्य केलं असणार." सुनाही नवलाईने जाऊन आल्या. दर वेळी साहेब पाटीकडे बोट दाखवत : "बघा आईसाहेब, हिरवा. टाकीत काही नाही." अध्यक्षसुद्धा कौतुकाने दिव्याकडे बघत.

आळंदीला दर्शन छान झाले. आईसाहेबांनी इंद्रायणीचे पाणी कळशीत भरून घेतले, तोंडाला फडके बांधले, आणि ती हिंदकळू नये म्हणून सुनेने ती मोरीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली. मग सगळ्यांनी मोरीत ऐसपैस पाय धुतले. गाडी चऱ्होलीच्या वाटेने परत निघाली. सुना अभंग म्हणत होत्या. अध्यक्ष नेर्लेकरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पहिल्या तारखेपासून केबिन बदलायची तयारी ठेवा." नेर्लेकर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. त्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याला झालेले खुळे सुख बघून मला शिसारी आली आणि थोडे हसूही.

तेवढ्यात एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मोरीतून पाणी वर आले. आधी झिरपले, मग पसरत पसरत फळ्यांखालून आईसाहेबांच्या पायांपर्यंत पोचले.

"अगं बाई, हे पाणी कसलं?" आईसाहेबांनी पाय उचलले.

नेर्लेकरांनी आधी पाटीकडे पाहिले. हिरवा. मग ते हसले. "आईसाहेब, टाकी तर रिकामी आहे. आपली कळशी हिंदकळली असणार. तीर्थ सांडलंय."

"माउलीचं तीर्थ!" आईसाहेब उद्गारल्या. "आणि मी त्याच्यावर पाय ठेवला!"

त्या वाकल्या. बोटे त्यांनी त्या पाण्यात बुडवली, आधी डोळ्यांना लावली, मग ते ओंजळीत घेतले. अध्यक्षांनी हात जोडले. दोघी सुना रांगेत ओंजळ करून उभ्या राहिल्या. नेर्लेकर कळशी सरळ करायला मोरीपाशी गेले. कळशी सरळच होती. फडके कोरडे, गाठ घट्ट. त्यांनी फडके वर करून पाहिले, पाणी काठोकाठ. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने स्वतःच्या हाताने उघडून एखाद्या वस्तूच्या आत पाहिले होते, आणि त्याला कळले. मलाही त्याच क्षणी कळले. आईसाहेबांची ओंजळ ओठांकडे चालली होती.

इथे मी जरा पडदा धरतो, कारण पुढचे शब्द निघाल्यावर मला काही बोलायचे नाही. नेर्लेकर वर्क्स मॅनेजर झाले नाहीत. त्यांना तळवड्याच्या गोदामावर पाठवले. तिथे ना यंत्र होते ना दिवा, आणि तिथूनच ते निवृत्त झाले. गेल्या वर्षी वारले. पोचवायला मी गेलो होतो, सोपानही होता. त्यांची अक्कल, त्यांचा तोरा, त्यांचा तो रुमाल, यांबद्दल माझे मत तसूभरही बदललेले नाही. मूर्ख माणूस. पण गप्प बसला असता तर केबिन त्याची होती. आईसाहेबांना काही कळले नसते, आणि टाकी त्याने गुपचूप चाकणला पाठवली असती.

मी तोंड उघडले, पण माझ्या आधी ते ओरडले. ड्रॉइंग, पेंट, ट्रान्सपोर्ट सगळे विसरून, सांगली-वाळव्याकडच्या आपल्या गावच्या बोलीत, जी आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती :

"आईसाहेब, पिऊ नगासा! तीर्थ कसलं, आपल्याच संडासाचं हाय त्ये!"