रविवारची भरलेली टेबलं

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि ज्याला त्याला वाटू लागलं की आता आपलं नशीब उघडणार. आमच्या ह्यांनाही वाटलं. फरक एवढाच की लोकांनी जमिनी घेतल्या आणि आम्ही भोजनालय काढलं.

ह्यांना दुसरा इलाज नव्हता हेही खरं. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लँटमधली काळी धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन खोकला कायमचा मुक्कामाला आला होता. डॉक्टर म्हणाले, ती जागा सोडा, नाहीतर हा खोकला तुम्हाला सोडणार नाही. थोरल्या दिरांचा भर रस्त्यावरचा गाळा रिकामा पडला होता. तो त्यांनी दिला, पण बजावून. "दसऱ्यापर्यंत पाहतो. नाही चाललं तं मोबाईलवाल्याले देऊन टाकीन." म्हणजे दसऱ्यापर्यंत हॉटेल चालायचं, नाहीतर ह्यांनी खोकल्यासकट परत प्लँटला जायचं. त्या सहा-सात महिन्यांत माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं.

सोमवार ते शुक्रवार चिंता नसायची. भोपाळहून बदलीवर आलेले बाबूलोक, बायकापोरं तिकडेच ठेवून आलेले, दुपारी घोळक्यानं यायचे. बेसनाच्या पातोडीचा रस्सा, भाकरी, कढी, भात. पोटभर जेवायचे आणि म्हणायचे, "भाभीजी, घर की याद आ गई." घराची एवढी आठवण यायची की शुक्रवारी संध्याकाळी गाडी धरून खरंच घरी निघून जायचे. शनिवारी-रविवारी आमची टेबलं ओस. आठवडाभराच्या जेवणांवर किराणा आणि गॅस भागायचा. हॉटेल चाललं असं दिरांना तोंड वर करून सांगायचं तर रविवार भरायला हवा होता.

रविवारी रायपूर घरात बसायचं असंही नाही. आमच्याच दारावरून एकेका स्कूटरवर चौघं चौघं बसून पनीर आणि चाऊमीन खायला जायचे. मी काउंटरवर बसून त्यांच्या पाठी बघत राहायची. आमची पोट्टी एकदा म्हणाली, "मम्मी, संडे को भाकरी कौन खाता है?" तिला मराठीत काहीही विचारा, उत्तर हिंदीतच. मी तिच्यावर उखडले. ती खरं बोलत होती म्हणून जास्तच उखडले.

मग आम्ही जे सुचेल ते केलं. गोल बाजारातून नवीन चकचकीत ताटं आणली. रविवारचा खास, डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात ठेवला. चाऊमीनसुद्धा करून पाहिलं, त्याची शेवयांच्या खिरीसारखी गत झाली. पाटी रंगवली, पताका लावल्या. पताका वाऱ्यानं फडफडायच्या आणि आत माशी नाही.

आणि मग एका रविवारी अचानक हॉटेल भरलं. मी भटारखान्यातून बाहेर डोकावले तर प्रत्येक टेबलावर माणसं. दोनच मिनिटांत माझा आनंद जिरला. सगळी आपलीच मंडळी, आमच्या गणपती मंडळातली. रेल्वेतून रिटायर झालेले काका, त्यांची बायको, आणखी दोन-तीन घरं. मी विचारलं, काय वाढू? काका म्हणाले, "नाही नाही वहिनी, जेवून आलो. आज घरी मटण होतं. फक्त चहा."

आता आपल्या माणसांना चहाचे पैसे कोण मागणार? हे तर वरून चिवड्याची बशी ठेवायचे. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. दुपारभर गप्पा, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची बदली बिलासपूरला झाली. मी आत धुमसायची. ह्या लोकांना घरं नाहीत का? रविवारी आम्ही घरी सापडत नाही म्हणून हे बसायला इथं येतात, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. ह्यांच्याकडे कुरकुर केली की हे नुसते खोकायचे.

श्राद्धपक्ष संपता संपता एक कुटुंब दारात उतरलं. नवरा-बायको, दोन मुलं, आजीबाई. नवीन बदलून आलेले कुणीतरी साहेब असावेत. बाईंनी आत वाकून पाहिलं, सगळी टेबलं भरलेली. हे धावत गेले. "बस दस मिनट, साहब." ते बिचारे उन्हात थांबले. आत काका नागपूरच्या जुन्या गाड्यांची वेळापत्रकं सांगत होते. आजीबाई रुमालानं वारा घेत होत्या. मग एक ऑटो आला आणि ते सगळे त्यात बसून निघून गेले.

मी हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आले. म्हटलं, "काका, काहून बसता हो तुम्ही इथं? जेवत नाही, खात नाही! गिऱ्हाईक दारातून गेलं!"

काकांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत, गोंधळले. "वहिनी, तुमच्या ह्यायनंच तं सांगितलं. हॉटेल खाली दिसलं तं कोणी आत येत नाही, थोडं बसत जा म्हणाले. आम्ही तुमच्यासाठी येऊन राहिलो. मले तं दुपारी झोपाची सवय आहे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पताकांकडे पाहत होते. एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायला समोर एकही माणूस नव्हता. काकांवर काढावा तर ते झोपमोड करून आलेले. ह्यांच्यावर काढावा तर ह्या माणसानं घरोघरी जाऊन, मान खाली घालून हे मागितलं होतं. मला न सांगता.

पण मंडळी आमची हुशार. त्यांनीच तोड काढली. गिऱ्हाईक दिसलं की आपण लगेच उठायचं. पुढच्या रविवारी खरंच एक जोडपं आलं. काकांनी खूण केली आणि सगळं हॉटेल एकदम उठलं. खुर्च्या करकरल्या, अर्धे चहा तसेच राहिले, सगळे घाईघाईनं बाहेर. ते जोडपं दारातच थबकलं. बाईनं नवऱ्याचा हात धरला आणि दोघं आल्या पावली परत गेली. जिथून माणसं अशी पळतात तिथं कोण जेवेल? मीसुद्धा जेवले नसते.

दसरा झाला. दिरांनी शब्द पाळला. गाळ्यावर मोबाईलची पाटी लागली, मोठी पातेली घरी आली आणि ह्यांनी प्लँटला फोन केला.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मंडळी घरी आली, समाचाराला. हे म्हणाले, "आता जेवूनच जा." नको म्हणायला या वेळी कुणी घरून जेवून आलं नव्हतं. मी मोठ्या पातेल्यात गोळाभात केला. बैठकीत पंगत मावेना, दोघं-तिघं ओट्यावर बसले. पुन्हा पुन्हा मागून खाल्लं. काकू म्हणाल्या, "इतका चांगला गोळाभात! हा हॉटेलात काहून नाही खाल्ला आपण?" मी पळी पातेल्यात बुडवली. बोलले असते तर पळीच फेकून मारली असती. हे मात्र खुशीत वाढत होते, "घ्या अजून, थोडा घ्या" म्हणत, मधेच तोंड फिरवून खोकत.

निघताना दारात चपलांचा ढीग. काकांना त्यांची चप्पल सापडेना. त्यांनी वरचे काळे बूट उचलून बाजूला ठेवले, सकाळच्या पाळीसाठी मीच पुसून ठेवलेले.

"कोनाचे आहेत बा हे? भल्ले जड आहेत."

"माझेच," हे म्हणाले आणि वाकून काकांची चप्पल शोधू लागले.