वस्तऱ्याखालचं पक्कं मत

आमचे हे निवडणुकीला उभे राहतो म्हणाले, तेव्हा मी भांडी पुसत होते. म्हटलं, "दिवसभर दुकानात उभेच तर असता. आता आणखी कुठे उभे राहणार?"

"वस्तीच्या मंडळावर. अपक्ष."

पातेलं हातातून सुटता सुटता राहिलं. या माणसाचा अर्धा जन्म लोकांच्या दाढ्या करण्यात गेला. भाजीत मीठ कमी पडलं तरी तोंडातून शब्द निघत नाही, गुपचूप वरून घेतात. आणि हे म्हणे मंडळावर जाऊन भांडणार! सासूबाई आतून ओरडल्या, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" स्वतःच्या लेकाबद्दल आईच असं बोलते म्हटल्यावर मी वेगळं काय बोलणार?

कारण मात्र मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या दुकानासमोरच मंडळाचा हॉल आहे. त्याच्या मागच्या खोलीत माझं पाळणाघर. मुलांच्या उंचीला लावलेल्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकेक प्राणी रंगवलेला, कोपऱ्यात गुंडाळलेल्या सतरंज्या, आणि एक नळ इतका खाली की हात धुवायला मलाच उकिडवं बसावं लागतं. मंडळाचे अध्यक्ष रंगाचं दुकान चालवतात, म्हणून सगळे त्यांना रंगवाले म्हणतात. त्यांना त्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटायचं होतं. "अध्यक्षाला बसायला नीट जागा नको का?" असं त्यांनी भर सभेत विचारलं होतं. आता मुलं सांभाळायला माणसाला जागा लागत नाही, पण अध्यक्षाला बसायला लागते, हे मला नव्यानं कळलं. ती खोली म्हणजे माझा जीव होता. ती गेली असती तर मी दुकानातले केस झाडत बसले असते, आणि माझ्याकडे पोरगं सोडून बस चालवायला जाणाऱ्या मुलीनं ते काय स्टिअरिंगला बांधलं असतं?

यांनी "तुझ्यासाठी उभा राहतोय" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणायचे, "वस्तीचा विकास." विकास म्हणे! घरातला बल्ब बदलायला तीनदा सांगावं लागतं.

चिन्ह म्हणून यांनी कंगवा मागितला, मिळाली किटली. झालं, दुकानात येणारा प्रत्येक जण आधी चहा मागायला लागला.

प्रचाराला दारोदार फिरा म्हटलं, तर ऐकतील कसले! "कशाला फिरायचं? सगळी वस्ती आपणहून माझ्या खुर्चीत येऊन बसते."

"बायका बसतात का?"

"त्यांचं तू बघ."

मी बघितलं. मुलांना न्यायला येणाऱ्या आयांना किटली दाखवून दाखवून माझा घसा बसला. आणि एके दिवशी वाळलेले टॉवेल घेऊन दुकानात गेले, तेव्हा यांचा प्रचार पाहिला. खुर्चीत बेकरीवाला. मान मागे टाकलेली, कानापर्यंत फेस, आणि हनुवटीखाली यांचा वस्तरा.

"मग? मत कुणाला?" यांनी विचारलं.

"तुम्हालाच," बेकरीवाला ओठ न हलवता म्हणाला.

"आणि घरच्यांचं?"

"त्यांचंही."

"पक्कं?" वस्तरा गळ्यावरून सर्रकन खाली आला.

"पक्कं, पक्कं!"

यांनी आरशातून माझ्याकडे बघत भुवया उडवल्या. मला इतकं हसू फुटलं की टॉवेल खाली पडले आणि सगळे पुन्हा धुवावे लागले.

संध्याकाळी मी म्हटलं, "अहो, गळ्यावर वस्तरा असताना माणूस दुसरं काय सांगणार? तुम्ही त्याची बेकरी मागितली असती तर तीही दिली असती."

यांना राग आला. "माझ्या खुर्चीत माणूस मन मोकळं करतो. तुला नाही कळायचं."

नाही तर नाही. रोज रात्री जेवताना पानावर मतांची भर पडत गेली. आज चांभार पक्का, आज मास्तर पक्के. खुद्द रंगवाल्यांचा मेहुणासुद्धा पक्का! तो तर म्हणे शपथेवर बोलला. मी म्हटलं, "बिचारा. जखम तर नाही ना झाली?"

मतमोजणी त्याच हॉलमध्ये झाली. हे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मोजणारे एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत होते. अधूनमधून किटली निघायची, ती बहुतेक माझ्या आयांची. बाकी सगळे रंगवाले, रंगवाले, रंगवाले. दुसऱ्यांची हजामत करता करता आमच्या उमेदवाराची मतदारांनी बिनपाण्यानं केली.

घरी येईपर्यंत मी जिभेवर चांगली धारदार वाक्यं तयार ठेवली होती. सोडणार नव्हतेच. पण हे शर्ट न काढता तसेच कॉटवर बसले आणि म्हणाले, "एवढे सगळे पक्कं म्हणाले होते गं." मग, "तुझी खोली गेली."

माझी वाक्यं बाजूला ठेवून मी ताट वाढायला घेतलं. सासूबाईंनी स्वतः उठून पाणी आणून दिलं, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी मी पाळणाघराची आवराआवर काढली. खेळणी भरायला आणखी एक रिकामं खोकं हवं होतं म्हणून दुकानात गेले, तर खुर्चीत रंगवाले! नेहमीचं गिऱ्हाईक, नेहमीची वेळ. काय बाई ही माणसं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मात्र शांतपणे फेस लावत होते. मी दाराजवळचं खोकं उचललं, तोवर एक गाल झाला. मग मान मागे झाली आणि वस्तरा गळ्याशी आला. यांनी काही विचारलंसुद्धा नव्हतं, तरी रंगवाले घाईघाईनं म्हणाले, "हे बघ, ती खोली वहिनींनाच राहू दे. कायमची. शब्द देतो."

बाकावरची गिऱ्हाइकं "वा वा" करायला लागली. माझ्या हातातलं खोकं पडलं. कायमची!

आणि आमचे हे थांबले. वस्तरा मिटला. खणात ठेवला. खण बंद केला. टॉवेलनं रंगवाल्यांच्या गळ्यावरचा फेस पुसला आणि रिकामे हात खाली सोडून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"आता सांगा," म्हणाले.

"काय सांगू?"

"तेच. खोलीचं."

रंगवाल्यांनी गळ्यावरून हात फिरवला. आरशात आपला अर्धीच दाढी झालेला चेहरा पाहिला. शेवटी ते म्हणाले, "कायमचं नाही सांगता येणार. मंडळात मी एकटा नाही. वर्षभर कुणी हात लावणार नाही, एवढं बघतो. पुढचं पुढे."

"चालेल," हे म्हणाले आणि पुन्हा फेस लावायला लागले.

चालेल? मी दारातूनच दात-ओठ खाल्ले. हातात आलेलं कायमचं सोडून वर्षावर खाली येणारा असला सौदा जगात दुसऱ्या कुणी केला नसेल! खोकं तिथंच टाकून मी तणतणत रस्ता ओलांडला. पण खोलीत जाऊन खुंट्यांकडे बघत उभी राहिले, तेव्हा ध्यानात आलं की सगळ्या निवडणुकीत माझा विश्वास बसला असा शब्द एवढा एकच होता. मग मी भरलेली खेळणी पुन्हा बाहेर काढली आणि काढता काढता रडले.

संध्याकाळी मी भाजी चिरत होते. हे समोर येऊन लसूण सोलायला बसले. दोन पाकळ्या सोलून झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक विचारू? तू तरी दिलं होतंस ना मला मत?"

सगळ्या गावाला विचारून झालं होतं, मला आत्ता विचारत होते. काहीतरी खोचक बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हातातल्या सुरीकडे लक्ष गेलं. मी सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हटलं, "दिलं होतं."