मामांची लायकी

स्वतःच्या मेहनतीनं स्वर्गात जाण्याची माझ्या मामांइतकी जय्यत तयारी अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केली नसेल, आणि त्या तयारीत त्यांच्याइतकं सपाटून कोणी आपटलंही नसेल. अमडापूरच्या बाजारात मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या, मामा त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी भरायचे आणि हे करताना शिव्या द्यायचे. गिऱ्हाइकाला नव्हे, मोटारीला. जाम झालेल्या नटाला, तो नट बसवणाऱ्याला, त्याच्या वाडवडिलांना. त्या शिव्यांना अशी काही लय असायची की शेजारचा चहावाला उकळता चहा सोडून ऐकत बसे. एकदा ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात मामांनी ओठ घट्ट मिटून एक मोटार भरून दिली, तर शेतकरी ती उचलेना. "काऊन, काय झालं?" मामांनी विचारलं. तो अजिजीनं म्हणाला, "मामा, तिले दोन शब्द बोला ना. तुम्ही बोलल्याबिगर ती पाणी फेकत नाई."

पण हेच तोंड मामांचं मोठं दुःख होतं. तरुणपणी रागाच्या भरात ते आपल्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, नको ते बोलून घराबाहेर पडले होते, आणि मोटारीचं काम शिकून परत येईपर्यंत आजोबा गेले. माफी मागायची राहूनच गेली. तेव्हापासून मामांनी ठरवून टाकलं होतं, की आधी तोंड सुधारायचं आणि मगच देवासमोर जायचं. आम्हा सगळ्यांची उपासना खामगावच्या चर्चमध्ये होई. मामीला मोटारसायकलवर मागे बसवून मामा अमडापूरहून यायचे, गीतं खणखणीत आवाजात म्हणायचे, प्रवचनाला मान डोलवायचे. पण प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड दूर झालं, की उठून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभे राहायचे. येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायला मामी एकटी पुढे जायची. लग्न झाल्यापासून एकटीच. कोणी टोकलं तर मामांचं उत्तर ठरलेलं असे, "अजून लायक नाई झालो मी. होऊन राह्यलो." मामी कधी तक्रार करत नसे. एकदाच माझ्या आईजवळ म्हणाली होती, "घरी माह्यासोबत एका ताटात जेवतात, अन् इथं आलं का मले एकटीले पाठवतात."

लायक होण्यासाठी मामांनी काय काय केलं ते सांगायला बसलो तर दिवस पुरायचा नाही. आधी दाढेत लवंग धरून पाहिली. जीभ चुरचुरली की शिवी विसरते, असा त्यांचा हिशेब होता. पण शिवी राहिली बाजूला, लवंगेलाच शिव्या बसल्या. मग तोंडात पाण्याची गुळणी धरून काम करण्याचा प्रयोग झाला. गिऱ्हाईक मोटार कधी होईल विचारी आणि मामा गाल फुगवून डोळ्यांनी उत्तर देत. कोणीतरी हसवलं, आणि ते पाणी नव्या भरलेल्या मोटारीवर गेलं. पुढे जे ऐकू आलं ते पार बसथांब्यापर्यंत गेलं म्हणतात. शेवटी त्यांनी शिव्यांच्या जागी भाज्यांची नावं घ्यायचं ठरवलं. "अरे दोडक्या! सडक्या भोपळ्या!" असं काही दिवस चाललं. समोर भाजी घेऊन बसणाऱ्या माळीणबाई शेवटी कमरेवर हात ठेवून दुकानात आल्या. "काऊन हो मामा, माह्या मालाले नावं ठेवून राह्यले सकाळपासून?" मामीचंही डोकं फिरलं. "त्यापेक्षा शिव्या द्या," ती म्हणाली. "भाजी तरी गोड लागत होती तेव्हा."

एका वर्षी मात्र काहीतरी जमलं. उपासकाळ संपत आला तरी मामांच्या तोंडून वावगं अक्षर निघालं नव्हतं. मोटारी मुकाट्यानं भरल्या जात होत्या, आणि गंमत म्हणजे पाणीही फेकत होत्या. ईस्टरच्या सकाळी मामा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून चर्चमध्ये आले आणि बाकावर बसता बसता माझ्या कानात म्हणाले, "आज बाहेर नाई जात मी." मामी नवी साडी नेसून शेजारी बसली होती. ती समोर पाहत होती, पण हातातल्या रुमालाची तिनं पार दोरी करून टाकली होती.

गर्दी मोठी असल्यानं बाहेर अंगणात कर्णे लावले होते. प्रवचन झालं, मेजावरचं कापड दूर झालं, पाळकसाहेबांनी डोळे मिटून शांत प्रार्थना करायला सांगितली. आणि नेमका ॲम्प्लिफायर गुरगुरायला लागला. सगळ्यांच्या मिटलेल्या पापण्या किंचित उघडून मामांकडे वळल्या. मामा चवड्यांवर चालत पुढे गेले, यंत्राचं झाकण काढलं आणि प्रार्थना मोडू नये या घाईत बटण बंद न करताच आत हात घातला. झटका बसला. माइक बाजूलाच उघडा होता. त्यानंतर जे वाक्य चर्चमध्ये, अंगणात आणि खालच्या रस्त्यावर एकाच वेळी घुमलं, ते इथं लिहिता येणार नाही. उपासकाळभर साठलेलं होतं ते सगळं त्यात होतं.

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मामांनी एकदा मामीकडे पाहिलं. मग सदऱ्याला हात पुसत, कोणाकडेही न बघता ते मधल्या वाटेनं बाहेर निघून गेले. मामीनं मान खाली घातली.

पाळकसाहेब म्हातारे, गुडघ्यांनी अधू. पायऱ्या उतरायला त्यांना नेहमी कोणाचा तरी हात लागे. त्या दिवशी त्यांनी एका हातात भाकरीचं ताट आणि दुसऱ्या हातात प्याला घेतला आणि एकटेच पायऱ्या उतरले. आम्ही सगळे खिडक्यांशी गोळा झालो.

"जा साहेब आत," मामा झाडाकडे तोंड करून म्हणाले. "लोक खोळंबले."

"तुह्यासाठीच खोळंबले."

"आता? ऐकलं नाई का तुम्ही? साऱ्या खामगावनं ऐकलं!"

"ऐकलं ना. मी तर सगळ्यात जवळ होतो."

"मग सांगा, मी लायक हाओ का याच्या?"

"नाई," पाळकसाहेब म्हणाले. "मीबी नाई. लायक लोकायसाठीच असतं, तर हे ताट मले दरवेळी भरलेलंच वापस न्या लागलं असतं. हे कमवायचं नसते बाबू. देणारा देते, आपण घ्यायचं."

मामांनी वळून दोन्ही हात पुढे केले. यंत्रातल्या धुळीनं ते काळे झाले होते. "हात पाहा माहे."

"मग तोंड उघड."

मामा हबकले. "त्याच तोंडात?"

"हाव. त्याच तोंडात."

प्याला ताटात टेकवून पाळकसाहेबांनी लहान लेकराला घास भरवावा तशी भाकर भरवली आणि प्याला त्यांच्या ओठांना लावला. मामी केव्हा बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली ते आम्हाला कळलंच नाही. साहेबांनी तिलाही तिथंच दिलं. मामा ओक्साबोक्शी रडत होते, आणि मामी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत हसत होती. थोड्या वेळानं मामा नाक पुसत आत आले, आधी बटण बंद केलं, आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करून दिला.

त्यानंतर शिव्या कमी झाल्या. का झाल्या ते मामांनाही सांगता येत नसे, कारण त्यासाठी ते आता काहीच करत नव्हते. एखादी सुटलीच तर वर बघून "माफ कर बाप्पा" म्हणत आणि पाना पुन्हा हातात घेत. परीक्षेला बसल्यासारखा आक्रसलेला त्यांचा चेहरा सैल पडला. पूर्वी उपासना संपली की रस्त्यात तोंडाला काही निमित्त मिळू नये म्हणून ते गाडी भरधाव घराकडे पळवत. आता वाटेतल्या एका छोट्या पुलाशी थांबायला लागले. पुलाच्या कठड्यावर बसून दोघं घरून आणलेले दाणे खात, येणारीजाणारी वाहनं पाहत.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रस्ता रुंद झाला, तो कठडाही राहिला नाही. मामी कधी माझ्या गाडीवर मागे बसली की त्या ठिकाणी माझ्या खांद्याला हात लावते आणि म्हणते, "थांबतं का रे जरासा?" मी थांबतो. तिथं पाहण्यासारखं काही नाही. दोन्हीकडे सोयाबीनची वावरं आणि मधून जाणारे ट्रक. वारा येतो, मामी डोक्यावरचा पदर सारखा करते, आणि बऱ्याच वेळानं तीच म्हणते, "चाल आता."