ओलाव्यातली टिबुकली

रविवार, १७ जानेवारी १९७१. ठिकाण: राहात्याजवळ, पाटाच्या कडेची दलदल. हजर: मी, माझी बायको आणि तिचा चुलतभाऊ. खर्च: नगर ते राहाता एसटीची दोघांची जाण्यायेण्याची तिकिटं अकरा रुपये साठ पैसे, फोटोचा रोल सहा रुपये, एकूण सतरा रुपये साठ पैसे. हेतू: पाण्यावरच्या रानपक्ष्यांचे फोटो काढणे.

हे सगळं मी निघण्यापूर्वी वहीत लिहिलं होतं. बायकोने ते वाचलं आणि विचारलं, "आणि माझ्या माहेरी तिळगूळ द्यायचा आहे, तो कुठल्या हेतूत?" मग तोही खाली लिहिला.

कॅमेरा आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेला. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी कपाट, स्टोव्ह आणि कॅमेरा विकायला काढला. कपाट सावेडीच्या आमच्या घराच्या दारातून आत गेलं नसतं आणि स्टोव्ह आमच्याकडे होता, म्हणून कॅमेरा घेतला. साधा डबा कॅमेरा, एका रोलवर बारा फोटो. लांबचं जवळ आणणारी काच त्याला नव्हती, आणि ती वेगळी मिळते हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिला रोल मी दिवाळीत याच दलदलीच्या बांधावर उभं राहून संपवला होता. फोटो धुऊन आले तेव्हा बायकोने एकेक उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "पाणी छान आलंय. पण हे तीळ कसले?"

ती बदकं होती. मी मोजली होती, एकूण एकतीस.

बांधावरून काही साधणार नाही, पक्ष्यांपासून दहा-बारा फुटांवर जाऊन गप्प बसलं पाहिजे, एवढं मला त्या बारा फोटोंनी शिकवलं. म्हणून जानेवारीत जाताना मी जुनी पँट आणि कंतानाचं एक पोतं बरोबर घेतलं. पोत्यावर बसायचं, चिखलात. हा बेत मी शनिवारी संध्याकाळी पोचल्यावर मेव्हण्याला, म्हणजे त्या चुलतभावाला, सांगितला आणि तिथेच चूक झाली.

मेव्हणा माझ्या बायकोपेक्षा सहा वर्षांनी लहान. बोलायला फटकळ. त्याची पेरूची बाग पाटाला लागून होती. दोनशे दहा झाडं. पाट पाझरायला लागल्यापासून बागेच्या खालच्या अंगाची दीड एकर जमीन चिबड झाली होती, म्हणजे आत पाणी मुरून मुरून ती सडली होती. तिथली चाळीस झाडं तीन वर्षांत उभ्याउभ्या वाळली होती आणि पाणी दर वर्षी एकेक ओळ वर चढत होतं. मला जी दलदल वाटत होती ती त्याची बाग होती. पाटबंधारे खात्याने एक चर खणून दिला की पाणी ओढ्याला निघून गेलं असतं. पण पाटाचे साहेब पाहणीला येत ते नेहमी मे महिन्यात. तेव्हा पाट बंद असे, पाणी आटलेलं असे, आणि साहेब कागदावर शेरा मारून जात: 'जमिनीस ओलावा आहे. पाणी साचत नाही.' असे तीन वर्षांचे तीन शेरे त्याच्याकडे होते. यंदा शेरा बदलला नाही, तर आणखी दोन ओळी जाणार होत्या.

"ओलावा!" तो म्हणाला. "दाजी, ओलावा आमच्या रांजनाखाली असतो. हितं म्हस पवती."

मी त्याला पक्ष्यांविषयी सांगितलं.

"पाखरांचे फोटू? का, लगीन ठरवायचंय का कुनाचं?"

"तसं नाही. हौस."

"हौस लई भारी. पन तुमी चिखलात बसनार? पोत्यावर?" तो माझ्या बायकोकडे वळला. "आक्का, ह्ये तुला पटतंय का? जावई चिखलात बसल्याला गावानं बघितला तर मला पारावर बसू देतील का कुनी?"

"त्यांना सांग," बायको म्हणाली. "मी सव्वीस वर्षं सांगतेय."

मी म्हणालो की मला गावाशी कर्तव्य नाही. तो म्हणाला, त्याला आहे. सकाळी सात वाजता मी पोतं घेऊन दलदलीपाशी गेलो, तर पाण्याच्या मधोमध एक बाज मांडलेली होती. सुतळीची, चार पायांची, वर गोधडी, गोधडीवर लोड. ऊन लागू नये म्हणून चार बांबू रोवून वर उसाचं पाचट घातलेलं. दोन गड्यांनी पहाटे उचलून आणली होती.

"बसा," मेव्हणा म्हणाला. "आता काडा काय काडायचं त्ये."

मी रागावलो होतो. एवढ्या थाटामाटात कुठला पक्षी जवळ येणार? पण परतीची एसटी दुपारी तीनची होती, म्हणून मी पँट दुमडून पाण्यातून गेलो आणि बाजेवर बसलो. मला पाण्याची खोली बघायची सवय नाही, पण कुठलीही गोष्ट मोजायची आहे. खिशातली सहा इंची पट्टी काढून बाजेच्या पायाशी पाणी मोजलं. चौदा इंच. वहीत लिहिलं: '७ वाजून २० मिनिटं, १४ इंच.'

पाऊण तासात मला दोन गोष्टी कळल्या. एक, पक्ष्यांना बाजेचं काही वाटत नाही. पाचटाखाली आडवा पडलेला माणूस त्यांच्या हिशेबी माणूस नसतो. दोन, बाज बुडत होती. पाय चिखलात रुतत होते, दर अर्ध्या तासाला साधारण एक इंच. आठ वाजता पाणी गोधडीच्या काठाला लागलं.

आणि तेव्हाच टिबुकली आली. टिबुकली म्हणजे मुठीएवढं, भुऱ्या रंगाचं, बिनशेपटीचं पाखरू. ते पोहतं कमी आणि बुडी जास्त मारतं. ती माझ्यापासून आठ फुटांवर आली. मी श्वास रोखला, कॅमेरा पोटावर धरला, वरून काचेत पाहिलं. टिबुकली बरोबर मध्ये. खटका दाबला. 'टक्' झालं आणि ती गेली. पाण्यावर फक्त वर्तुळं.

थोड्या वेळाने ती दुसरीकडे वर आली. पुन्हा टक्. पुन्हा वर्तुळं. माझी खात्री झाली की खटक्याचा आवाज आणि तिची बुडी यांत तीच आधी असते. चार फोटो असे गेले. प्रत्येकी पन्नास पैशांप्रमाणे दोन रुपये.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. "दाजी ओ! च्या घेता का?"

सगळी बदकं उडाली. मी हाताने 'गप' अशी खूण केली. ती त्याला 'आण' अशी दिसली.

अशा पाच हाका झाल्या. चहा, पेरू, भाकरी, पुन्हा चहा, आणि शेवटची, "दाजी, जिते हाय का?" प्रत्येक हाकेनंतर पक्षी परत यायला वीस मिनिटं लागत. अकरा वाजता मी निम्मा पाण्यात होतो, लोड भिजून पोत्याएवढा झाला होता, आणि बारा फोटो संपले होते. पाण्यातून चालत बाहेर आलो, तेव्हा बायको बांधावर उभी होती. तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि भावाला म्हणाली, "बघ, जावई पोत्यावर बसला असता तर कोरडा राहिला असता."

बारा फोटोंपैकी एक चांगला आला. डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळात, असं एक बदक. त्याची मोठी प्रत मी काढून घेतली. मेव्हण्याने मात्र सगळे मागवले. पत्रात लिहिलं होतं, 'दाजी, वाया गेलेले पण धाडा. तारीख मागं लिहा.' तारीख मी नेहमीच लिहितो. वेळही लिहितो.

मे महिन्यात बायको माहेरी गेली, तेव्हा मीही रजा काढून गेलो, कारण पाहणीच्या दिवशी मी असावं असा मेव्हण्याचा आग्रह होता. साहेब आले. तरुण होते, घामाघूम झाले होते. जानेवारीत मी जिथे बुडत होतो तिथे आता भेगा होत्या. त्यांनी बुटाने एक ढेकूळ उलटं केलं. खालून ओलं निघालं.

"ओलावा आहे," ते म्हणाले आणि लेखणी काढली.

मेव्हण्याची बाजू मांडायला आता माझे फोटो होते. त्याने पहिल्यांदा माझं चांगलं बदक पुढे केलं. साहेबांनी ते आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं. "हे काय आहे? मडकं?"

मी म्हणालो, "बदकाची मागची बाजू."

त्यांनी ते परत दिलं. मेव्हण्याने दुसरा फोटो दिला. तिसरा दिला. टिबुकलीचे चारही दिले. साहेब वैतागले. "अहो, यांत तर काहीच नाही. पक्षी कुठे आहे?"

"बुडाला," मी म्हणालो.

"कुठे बुडाला? यात नुसतं पाणीच पाणी आहे!"

मेव्हणा दोन पावलं पुढे आला. "सायेब, त्येच लिवून द्या."

साहेबांनी फोटो पुन्हा पाहिले. मागे वाळलेली पेरूची झाडं ओळखू येत होती आणि तीच झाडं समोर उभी होती. मग त्यांनी फोटो उलटा करून तारीख पाहिली. "खोली किती होती, काही सांगता येईल?"

"चौदा इंच. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी."

"कशावरून?"

"बाजेच्या पायावरून."

"पाण्यात बाज कशाला?"

यावर मी उत्तर देणार होतो, पण मेव्हण्याने मला बोलू दिलं नाही. "आमचे जावई हायेत ह्ये, सायेब. मग काय चिखलात बसवू?"

साहेबांना हे एकदम पटलं. त्यांचंही लग्न नुकतंच झालं असावं. त्यांनी वहीतल्या नोंदीची नक्कल करून घेतली, मला सही करायला लावली आणि शेरा लिहिला. मी तो खांद्यावरून वाचला: 'जानेवारी महिन्यात १४ इंच पाणी साचल्याचा पुरावा पाहिला. पक्षी बुडी मारतात. चर आवश्यक.' ओलावा हा शब्द त्यात नव्हता.

चर पुढच्या उन्हाळ्यात खणला गेला. पाणी ओढ्याला गेलं, वरच्या झाडांच्या ओळी वाचल्या. नंतरच्या जानेवारीत मी कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा तिथे हरभरा होता आणि बांधावर दोन साळुंक्या. त्यांचा फोटो मी काढला नाही. साळुंक्या सावेडीत आहेत. टिबुकली मात्र मला अजून नीट मिळालेली नाही आणि तिला तिथून हलवण्यात माझाच हात होता, हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चाळीस झाडं गेली तेव्हा तुम्हाला एवढं वाईट वाटलं नव्हतं." हे खरं होतं.

राहता राहिला फोटोंचा खर्च. साहेबांना दिलेल्या चार फोटोंच्या मोठ्या प्रती पुन्हा काढून पाटाच्या कचेरीत द्याव्या लागल्या, त्याचे नगरच्या फोटोवाल्याला मी सहा रुपये दिले. मेव्हणा ते देऊ लागला. मी घेईना. जावयाने मेव्हण्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि त्याच्या मते जावयाचं फुकटचं ठेवूनही घ्यायचं नाही. आम्ही दारात उभं राहून बराच वेळ एकमेकांचे हात ढकलले. शेवटी त्याने एक मार्ग काढला. बहिणीला चोळीसाठी म्हणून त्याने अकरा रुपये दिले, आणि ते तिने लगेच घेतले.